धुक्यातला पोचा

लोणावळ्यात धुकं उतरलं की माझा धंदा आंधळा होतो. खरं तर हाच आमचा मोसम. भुशीकडे निघालेल्या गाड्या एकमेकींना खेटतात, कुणी मागे घेताना खांबाला दार टेकवतं, कुणी फोटोसाठी बायकोला बोनेटवर बसवतं, आणि माणसांनी काही शिल्लक ठेवलंच तर माकडं टपावर उड्या मारून ते पुरं करतात. पोच्यांचं पीक नुसतं तरारून येतं. पण पोचा बघायला नुसता उजेड पुरत नाही, रेघ लागते. गाडीच्या पत्र्यात विजेच्या तारेचं, छपराच्या कडेचं, समोरच्या खांबाचं प्रतिबिंब पडलेलं असतं. ती रेघ सरळ चालता चालता जिथे वाकते, तिथे पोचा. धुक्यात तारही नसते आणि खांबही नसतो. बाहेर पांढरं, पत्र्यातही पांढरं. काल ठोकलेली गाडीसुद्धा आज कारखान्यातून आल्यासारखी उभी असते. ऊन पडलं की सगळं वर येतं.

म्हणून या दिवसांत मी गाडी शेडबाहेर नेऊन दाखवत नाही. धुक्यात गाडी ताब्यात दिली आणि खंडाळ्याला ऊन लागल्यावर गिऱ्हाईक शिव्या देत परत आलं, असं जुन्या हायवेवरच्या सगळ्यांच्याच बाबतीत झालेलं आहे. आमच्याकडे ठेच लागल्याशिवाय कुणी शिकत नाही.

आज सकाळी शटर वर केलं तर धुकं आधी आत आलं आणि मग मी. सवयीने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. दर वर्षी या दिवसांत त्या वळणावरून एक गडद निळी गाडी येते. यंदा ती परवाच येऊन गेली. आता ती येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मान वळलीच.

मी काय करतो ते लोकांना सांगणं जड जातं. गाडीला पोचा आला की डेंटर हातोडीने तो ठोकतो, राहिलेल्या खळग्यात पुट्टी भरतो, घासतो आणि वर रंग मारतो. माझे अब्बा तेच करायचे, जन्मभर. मी यातलं काही करत नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूने एक लांब सळई घालायची आणि तिच्या टोकाने पोचा कणाकणाने वर उचलायचा. रंगाला धक्का नाही, पुट्टी नाही, ठोकाठोक नाही. अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं. हातोडीने त्यांचे कान केव्हाच नेले होते. पुन्हा सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजी बिनमिठाची आमटी." आणि उठून नमाजाला गेले.

ज्या पावसाळ्याची मला आठवण येते, तो या धंद्याच्या सुरुवातीचा. तेव्हा मी हत्यारांच्या नादाला लागलो होतो. पुण्याच्या एका उस्तादाकडे काही आठवडे काढले होते. निघताना त्याने सांगितलं होतं, "आधी लाईट घे. मग एक बरी सळई घे. ती हातात मुरली की दुसरी." मी मान डोलावली आणि घरी येऊन फोनवरून भलीमोठी पेटी मागवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पेटी उघडली तेव्हा डोळे दिपले. आकडे, हूक, माशाच्या शेपटीसारख्या सळया, गोंदाने चिकटवून ओढायच्या रंगीत टोप्या, नाव कळणार नाही अशी कसली कसली टोकं. मी सगळी हत्यारं भिंतीवर खिळे मारून उंचीप्रमाणे टांगली. रोज सकाळी फडक्याने पुसायचो. काम मात्र येत नव्हतं.

अब्बा एकदा आत आले, भिंतीकडे बघत उभे राहिले. मग त्यातली एक जाड सळई काढून त्यांनी गुडघ्यावर टेकवली आणि जोर लावला. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. "नाव सोनुबाई," एवढंच म्हणाले आणि पुढचं मी मनात पुरं करावं म्हणून थांबले. मला राग आला होता. राग खरा असला तरी सळई वाकडी होती, त्याला इलाज नव्हता. चांगल्या सळईला वाकून परत यावं लागतं. तिच्यातून हाताला कळावं लागतं की टोक कुठे टेकलंय. ही गोष्ट पेटीवर छापलेली नव्हती.

एक गोष्ट मात्र उस्ताद आणि अब्बा दोघेही सांगायचे, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. पत्र्याला आठवण असते. साच्यातून निघताना त्याला जो आकार मिळाला तो त्याला आठवत असतो, आणि पोचा पडला तरी तो परत जायला बघत असतो. आपण फक्त त्याला मदत करायची. मला तेव्हा हे ऐकायला गोड वाटायचं. पत्र्याला तेवढंच आठवत असेल असं मी धरून चाललो होतो.

निळी गाडी आली तेव्हा असंच धुकं होतं. नवनाथ नावाचा तरुण चालवत होता. इथे वलवणला राहणारा, रेल्वेत कामाला. मागच्या सीटवरून त्याची सासू उतरली. अंजनामावशी. सुदुंबऱ्याची शेतकरी बाई, उंच, हडकुळी, कपाळ रिकामं. गाडीला तिने हात लावला तो गोठ्यातल्या जनावराला लावावा तसा.

"तुमीच का रंग न लावता काडता?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग बघा. पन रंगाला हात लावायचा न्हाई. माज्या सागरनं पुसल्याला रंग हाय त्यो."

बाहेर धुक्यात मला काहीच दिसलं नाही. गाडी आत घेऊन लाईटखाली उभी केली तेव्हा दिसला. बोनेटच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, मुठीएवढा पोचा. लाईटच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पत्र्यात सरळ उमटतात, त्या तिथे येऊन भोवऱ्यासारख्या फिरत होत्या. सोपी जागा नव्हती. कडेला बोनेटचा पत्रा दुहेरी असतो, आतून सळई जायला जेमतेम फट. भिंतीवरची माझी सगळी राजेशाही तिथे निकामी होती.

आमच्या कामात पहिला प्रश्न ठरलेला असतो. कशाने झाला? दगडाचा पोचा वेगळा, चेंडूचा वेगळा, माकडाचा वेगळा. काय लागलं आणि कुठून लागलं ते कळल्याशिवाय सळईचं टोक निवडता येत नाही. मी विचारलं. नवनाथ चहा सांगून येतो म्हणाला आणि बाहेर गेला. त्याने तेवढ्यासाठीच पाय काढला हे माझ्या लक्षात आलं. मी भिंतीवरून एक सळई काढली, ठेवली, दुसरी काढली. अब्बा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते.

"नारळानं झाला," मावशी म्हणाली.

मला वाटलं झाडावरून पडला असेल. मावळात नारळाची झाडं कुठली, पण तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "न्हाई वं. मी फोडला."

सागर तिचा एकुलता मुलगा. चाकणला कंपनीत होता. ही गाडी त्याने जुनी घेतली, पण त्यांच्या घरात ती पहिलीच. दारात पूजा मांडली. हळद-कुंकू, फुलं, चाकाखाली लिंबं. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा भावकीतले एक आबा पुढे झाले. सागरने त्यांना थांबवलं. म्हणाला, माझ्या आईने शेतात राबून मला मोठं केलं, नारळ आईच फोडील.

"आमच्यात बाया नारळ फोडीत न्हाईत," मावशी सांगत होती. "त्यात माजं कपाळ हे असं पांढरं. मी नगं नगंच म्हनत हुते. पोरगं ऐकंना. जल्मात कदी फोडला नवता, तर कसा फोडत्यात ठावं न्हाई. आमचे मालक ट्रॅक्टरच्या म्होरल्या लोखंडावर फोडायचे, तेवडं बघितल्यालं. मी बी तसाच आपटला. गाडीच्या कपाळावर."

नारळ फुटला नाही. पत्रा बसला. बायका पदराआड हसल्या, आबांचं तोंड वाकडं झालं. सागर मात्र पोटभर हसला. म्हणाला, राहू दे आता हा असाच, आईचा शिक्का आहे. रोज कामावरून आला की गाडी पुसायचा, आणि त्या खळग्यात बोट फिरवून आईला हाक मारायचा.

पुढच्या आषाढात तो गेला. पाऊस फार होता. गाडी चिखलात नको म्हणून तिला झाकून ठेवून मोटारसायकलवर निघाला, आणि कंपनीच्या अलीकडेच एका टेम्पोने उडवला.

"लोक तोंडावर बोलत न्हाईत," मावशी म्हणाली. "पन मला ऐकू येतंय. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं नारळ फोडला. त्यो बी गाडीच्या डोक्यात. मग काय व्हनार?" तिने बोनेटकडे पाहिलं. "सकाळ-संध्याकाळ दारात हीच उभी. म्हटलं गाडी इकू, तर इकवंना. त्याचा हात फिरलाय तिच्यावर. एवडा माजा घाव तेवडा काडून टाका रफिकभाऊ. त्याचं सगळं ऱ्हाऊ द्या."

मी सळया चाळत राहिलो. अब्बांना तिचं बोलणं ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं. पण ते स्टुलावरून उठले, तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि हाताने विचारलं, कसा? मावशीने दोन्ही हात डोक्यापर्यंत उचलले आणि हातात नसलेला नारळ खाली आणला. अब्बांनी तो हात नीट पाहिला. पुन्हा दाखवायला सांगितलं. तिने पुन्हा दाखवलं. घाव सरळ नव्हता, तिरका होता, तिच्याच बाजूला ओढलेला. घाबरलेल्या माणसाचा. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

अब्बांनी माझ्या भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या भंगारातून ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा काढला. कमानीचे हे पाटे आयुष्यभर ओझ्याखाली वाकतात आणि ओझं उतरलं की परत सरळ होतात. त्यातून त्यांनी एक पट्टी कापली आणि ग्राइंडरवर धरली. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पोलाद तापू द्यायचं नाही. टोकाला ती नखासारखी पातळ केली आणि एका अंगाला किंचित तिरकी. मावशीच्या हाताचा तिरकेपणा त्यांनी त्या टोकात उतरवला होता. माझ्या हातात देताना म्हणाले, "ह्येच्यानं काड. आन दाबू नगं. इचार."

ते काम मी दोन दिवस करत होतो. डोळे लाईटच्या रेघांवर, हात आतमध्ये. एक एक दाब, त्याने रेघ केसभर हलते. ज्या रेघा भोवऱ्यात फिरत होत्या त्या हळूहळू पांगल्या, मग वाकड्या झाल्या, मग जरा कमी वाकड्या. माझ्या हातून झालेलं ते पहिलं खरं काम. शेवटी सगळ्या रेघा कडेपासून कडेपर्यंत सरळ गेल्या तेव्हा मी अब्बांना हाक मारली, त्यांना ऐकू येत नाही हे विसरून.

मावशी आणि नवनाथ गाडी न्यायला आले. मी लाईट लावून दाखवलं. नवनाथ वाकून बघत म्हणाला, कुठे होता तेच कळत नाही. मावशीने रेघांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बोनेटवर तळवा ठेवला आणि हळूहळू पुढे सरकवला. मधोमध थांबली.

"हाय अजून," ती म्हणाली.

मी म्हटलं नाही मावशी, बघा ना, एकही रेघ वाकत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला. ती ऐकून घेत होती आणि हात तिथेच होता. मला सांगायचं होतं की हात फसवतो, मन फसवतं. तेवढ्यात अब्बा आले. त्यांनी खांद्यावरचं जुनं मऊ फडकं काढून बोनेटवर अंथरलं, कारण मध्ये कापड असलं की तळवा सरकतो आणि बारीकसारीकही कळतं. डेंटरची ही जुनी रीत. मावशीचा हात त्यांनी फडक्यावर ठेवायला लावला आणि शेजारी आपला ठेवला. दोघांचे हात बरोबर सरकले आणि एकाच जागी थांबले.

"व्हय," अब्बा म्हणाले. "हाय थोडा. ऱ्हायलाय." आणि माझ्याकडे वळून, "कर अजून जरा."

मी सळई घातली. उचलायला काही नव्हतं. नसलेल्या पोच्याला दाबलं असतं तर वरून फोड आला असता, सगळं काम वाया गेलं असतं. म्हणून मी नुसतं टोक टेकवून बसलो, हात हलवत राहिलो. मावशी स्टुलावर बसून बघत होती. थोड्या वेळाने तिने पुन्हा तळवा ठेवला आणि म्हणाली, "आता कमी हाय. ऊं, कमी झाला." गाडी धुक्यात गेली. पुढच्या पावसाळ्यात परत आली. "हाय अजून थोडा."

तेव्हापासून दर वर्षी. मी लाईट लावतो, रेघा सरळ असतात. मावशी पदर मध्ये धरून हात फिरवते, अब्बांनी दाखवल्यासारखा. मी अब्बांची सळई खिळ्यावरून काढतो आणि नसलेला पोचा काढत बसतो. एकदा नवनाथने बाहेर सांगितलं, घरी पूजेला नारळ फोडायची वेळ आली की सासूबाई उठून परसात जातात. आवाज ऐकवत नाही. त्याने हे मला का सांगितलं ते त्यालाही माहीत नसावं. सांगून गाडीला टेकून उभा राहिला.

अब्बांनी त्या दिवशी खरंच काही पाहिलं होतं की बाईची समजूत काढली होती, हे मला विचारायचं राहून गेलं. विचारणार होतो. पण ऐकू न येणाऱ्या माणसाला असा प्रश्न ओरडून विचारायला जीभ वळेना, आणि कागदावर लिहून तर त्याहून नाही. मग ते गेले. त्यांना न्यायला जी गाडी आली तिच्या मागच्या दाराला एक पोचा होता, लांबट, बहुतेक स्ट्रेचर लागून पडलेला. लोक अब्बांना आत ठेवत होते आणि मी त्या पोच्यात वाकलेली माणसांची रांग बघत होतो. कशाने झाला असेल, कोणती सळई लागेल. मला माझी लाज वाटली, पण डोळे तिथून निघाले नाहीत.

हा या धंद्याचा शाप आहे. कुठेही सपाट काही दिसलं की मी रेघ शोधतो. स्टीलच्या ताटात, बंद दुकानाच्या काचेत, धरणाच्या पाण्यात. भुशीला लोक भिजायला जातात, मी पाण्यात पडलेली डोंगराची कड कुठे वाकते ते बघतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. धुक्यात शेडच्या मागून ग्राइंडरवरची पट्टी पाण्यात बुडवल्यासारखा चुर्र आवाज येतो तेव्हा तो पन्हाळीचाच असतो, हे मी जाऊन बघून आलोय. बघायला जातो, हे मात्र खरं.

भिंतीवरची ती पेटीतली हत्यारं मी केव्हाच काढून टाकली. आता मोजक्याच सळया आहेत. कुणी नवा मुलगा विचारायला आला की मी उस्तादाचंच सांगतो, आधी लाईट, मग एक बरी सळई. त्यापुढचं मला सांगता येत नाही.

परवा निळी गाडी आली. नवनाथच्या कानशिलांवर आता पांढरं आलंय. मावशी उतरायलाच वेळ लागला, गुडघे गेलेत. हातात कापडी पिशवी होती, ती तिने खाली ठेवली नाही. गाडी आत घेतली. तिने पदर मध्ये घेऊन तळवा ठेवला, सरकवला. मधोमध आली. थांबेल म्हणून मी सळईकडे हात केला होता. ती थांबली नाही. हात पलीकडच्या कडेपर्यंत गेला. तिने तो परत आणला, पुन्हा नेला.

"रफिकभाऊ, गेला की वं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. स्वतःवरच विश्वास बसत नव्हता तिचा. "तुमी बघा बरं. तुमच्या वडलांनी बघितलता तसा हात लावून बघा."

इतक्या वर्षांत मी त्या जागेवर कधी हात ठेवला नव्हता. मी लाईटवाला माणूस. हाताचं काम अब्बांचं. त्यांचं फडकं अजून शेडमध्ये आहे, ते आणून बोनेटवर अंथरलं आणि तळवा ठेवला. समोर पत्र्यात रेघा काढल्यासारख्या सरळ होत्या. हात सरकला आणि मधोमध खाली गेला. थोडासाच. नारळाच्या डोळ्यावर बोट ठेवलं की जेवढं आत जातं तेवढा. मी हात मागे घेतला, फडकं नीट केलं, पुन्हा ठेवला. तिथेच होता. अब्बा खोटं बोलले नव्हते.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासाठी सगळं त्या एका शब्दावर होतं.

"गेला, मावशी," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. मग पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. नवनाथ चटकन पुढे झाला, सवयीने. पुरुषमाणूस. तिने त्याला मानेने नको म्हटलं. "ऱ्हाऊ दे, मी फोडते." शेडच्या उंबऱ्याशी एक काळा दगड आहे, तिथे ती गुडघे धरत बसली. दोन्ही हात डोक्यापर्यंत गेले. अब्बांना दाखवला होता तसाच, पण या वेळी सरळ खाली आला. एका घावात दोन शकलं झाली आणि पाणी उंबऱ्यावरून आत वाहत आलं. तिने एक शकल माझ्या हातात दिलं. "तुमच्या वडलांच्या नावानं खावा," म्हणाली.

गाडी निघाली तेव्हा बाहेर पांढरं होतं. धुक्यात बोनेट एकसारखं दिसत होतं, कुणालाही तसंच दिसलं असतं. वळणावर लाल दिवा लागला आणि विझला.

आज पुन्हा तेच धुकं आहे. सळई खिळ्यावर आहे, तिला आता गाडी नाही. मी हात धुतले, पुसले, टेबलावर ठेवले. तळव्यात तो खळगा आहे, परवापासून आहे, हाताची मूठ केली तरी जात नाही. तो उचलायला कोणतं हत्यार घ्यावं, हे विचारायला अब्बा नाहीत.